प्रोग्रॅममध्ये नसलेला चौथा पर्याय

मे महिन्यातली गोष्ट. चांदवडला एका लॉन्सवर, भर लग्नात, मी नवरदेवाच्या हातात आहेर म्हणून पेन ड्राइव्ह ठेवला.

मुद्दाम नव्हे हो. सदऱ्याच्या एकाच खिशात आहेराचं पाकीटही होतं आणि पेन ड्राइव्हही. स्टेजवर फोटोवाला ओरडत होता, "काका, इकडे बघा… काका, जरा हसा!" मी इकडे बघितलं, हसलो, खिशात हात घातला, जे हाताला लागलं ते नवरदेवाच्या तळहातावर ठेवलं आणि वर "सुखाचा संसार करा" म्हणून मोकळा झालो. मुलगा सज्जन. त्यानं हातातल्या वस्तूकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मामा, ह्याच्यात काय आहे?"

आणि तेव्हा मला आठवलं, त्याच्यात काय आहे ते.

माझ्या बहिणीच्या रोपवाटिकेचं पाणी होतं त्यात.

थांबा, नीट सांगतो. पण आधी एक खुलासा. या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर लिहिणारा प्रत्येक जण म्हणतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी ते म्हणणार नाही, कारण तुम्हाला ते आधीच माहीत आहे. घाटात पांढरी साडी दिसली त्या किश्श्याखाली "गाडीच्या काचा पुसा" असं लिहिणारा तो मीच. बंद खोलीत बांगड्या वाजल्या तिथे "उंदीर" एवढा एकच शब्द टाकणाराही मीच. त्यामुळे आता माझी पाळी आल्यावर तुम्ही काय-काय लिहाल ते मला दिसतंय. लिहा. माझं काही म्हणणं नाही. फक्त सगळं वाचून मग लिहा.

तर मी पन्नाशी ओलांडलेला, नाशकात इंदिरानगरला राहणारा, एका लहानशा ऑफिसात जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस. दुकानांची बिलं, गोदामांचा साठा, असली कामं. माझी धाकटी बहीण सुलू आडगावच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत राहते. तिथे तिची नि दिलीपरावांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीच्या शेडखाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची, कोबी यांची बोटभर रोपं. शेतकरी येतात, आधी सांगून ठेवतात, लागवडीच्या वेळेला घेऊन जातात.

ट्रेमध्ये माती नसते, नारळाचा भुसा असतो. उन्हाळ्यात तो बघता बघता सुकतो. सकाळचं पाणी चुकलं की दुपारी रोपं माना टाकतात, आणि तशीच राहिली तर संपली. म्हणून गेल्या वर्षी मी हौसेनं तिथे एक पाणी देणारं यंत्र बसवलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर, त्याला चार व्हॉल्व्ह आणि चार लाइनी. गेटाजवळची, विहिरीकडची, मधली आणि मागची. कुठल्या लाइनला कधी, किती वेळ फवारा सोडायचा, हे सुलू एका फाइलमध्ये ठरवून ठेवते. प्रोग्रॅम दर वेळी पाणी सोडायच्या आधी ती फाइल नव्यानं वाचतो.

आता फाइल वाचणं हे एका ओळीचं काम. पण फाइल जागेवर नसेल तर प्रोग्रॅम तोंडावर आपटतो. म्हणून आमच्या धंद्यातला शहाणा माणूस आधीच सोय करतो — ही वाच, नाही मिळाली तर ती वाच, तीही नाही मिळाली तर अमुक धरून चाल. याला फॉलबॅक म्हणतात. आमच्या घरात नीलिमाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, ही पद्धत लग्नापासून आहे. सिलिंडर संपलं तर दुसरं, दुसरंही रिकामं निघालं तर इंडक्शन, आणि तेवढ्यात वीज गेली तर "चला, मिसळ खायला." फरक इतकाच, की तिच्या यादीच्या शेवटी "तर मग उपाशी झोपा" असं कधी नसतं.

माझ्या यादीच्या शेवटी होतं.

यंत्र बसवलं त्या दिवशी सुलूच्या सासूबाई, माई, पंपाच्या खोलीच्या दारात येऊन बसल्या होत्या. रोपवाटिका मुळात त्यांनी उभी केलेली. ट्रेवर हाताची पालथी बाजू टेकवून पाणी हवं की नको ते सांगायच्या, आणि कधी चुकायच्या नाहीत. मी वायरी जोडत होतो. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यो डबा वाचतो काय नेमकं?"

"फाइल, माई. सुलूनं ठरवलेलं पाणी."

"आन् नाय घावली फाइल तर?"

"तर तिची नक्कल आहे. पर्याय दोन."

"ती बी नाय घावली तर?"

"तर पर्याय तीन. सगळं बंद," मी ऐटीत म्हणालो. "गडबड नको. एकदम सेफ."

माईंनी माझ्याकडे असं बघितलं, की ह्याला मुलगी कोणी दिली. "बंद? लेकरं उन्हात, आन् तुम्ही नळ बंद करून बसनार? त्यापरीस मला सांगायचं की. मी हाय ना."

दिलीपराव हसत म्हणाले, "लिहा दादा — पर्याय चार, माई."

सगळे हसलो. माईही हसल्या. मी मात्र तसं काही लिहिलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी स्वतःच स्वतःवर संशय घेऊन ते पुन्हा पुन्हा तपासलंय.

माईंचं म्हणणं बरोबर होतं, पण ते कळायला मला वेळ लागला. आमच्या धंद्यात शंका आली की काहीच न करणं हे शहाणपण असतं. फाइल नाही? बिल काढू नकोस. साठा जुळत नाही? हात लावू नकोस. वर्षानुवर्षं हेच केल्यावर बोटं आपोआप "बंद" लिहितात. रोपाच्या बाबतीत काहीच न करणं म्हणजे त्याला मारणं, हे मला सुचलंच नाही.

संक्रांतीच्या सुमाराला माई गेल्या. वय झालं होतं, आजारी फार नव्हत्या. त्यांच्या मागे पहिला मोठा हंगाम म्हणजे हा मे महिन्यातला टोमॅटो. आणि लोक बोलायला लागले. तोंडावर नाही, पण सुलूच्या कानावर येईल इतपत मोठ्यानं — "माई गेल्या, आता तिथं काय राहिलं?" देवळ्याचे एक बापू दर वर्षी न चुकता रोप न्यायचे. त्यांनी तर सरळ सांगितलं, "ताई, या वेळेला बघतो. रोप लेचंपेचं निघालं तर पुढच्या वेळेपासून मोठ्या नर्सरीत जाईन. राग मानू नका."

सुलूनं राग मानला नाही. ती फक्त जिद्दीला पेटली. बी तिनं स्वतः टाकलं, ट्रे स्वतः भरले, दोन महिने कुठे गेली नाही, आमच्याकडे जेवायलासुद्धा आली नाही. "हा लॉट उभा राहिला की मग तू म्हणशील तिथे येते, दादा."

आणि त्या लॉटचा पेन ड्राइव्ह माझ्या खिशात.

झालं असं होतं. लग्न दिलीपरावांच्या चुलत बहिणीकडचं, म्हणजे जाणं भागच. आम्ही दोघं सकाळी सुलूकडे आलो, तिथून सगळे एकाच गाडीतून निघणार होतो. सुलू साडी नेसून तयार, पण चेहरा उतरलेला. मधल्या लाइनच्या ट्रेमध्ये तिला मर दिसली होती. मर म्हणजे रोपं बुडाशी सडून आडवी होतात तो रोग. तिनं उजाडताच त्या ट्रेंना औषधाची आळवणी केली होती, म्हणजे औषध रोपांच्या बुडाशी ओतलं होतं. मला म्हणाली, "दादा, मधलीला आज थेंबभर पाणी नको, औषध धुऊन जाईल. बाकीच्यांना रोजच्यासारखं. बदलून देतोस?"

"दोन मिनिटं," मी म्हणालो. सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर होती, कारण वीज सारखी जाऊन-येऊन आतलं मेमरी कार्ड एकदा खराब झालं होतं. आणि तिची नक्कल? तीही त्याच पेन ड्राइव्हवर. स्टेपनी त्याच चाकाला बांधून ठेवावी तसं. ऑफिसात दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत झापला असता.

पेन ड्राइव्ह काढला. लॅपटॉप गाडीत, म्हणून खिशात टाकून गाडीकडे निघालो. वाटेत दिलीपराव फेटा बांधत होते. "दादा, जरा हे टोक धरा." मी टोक धरलं. फेटा दोनदा सुटला. नीलिमानं हॉर्न दाबून धरला — "अहो, मुहूर्त टळेल!" — सुलूनं पंपाच्या खोलीला कुलूप लावलं, गेटाला लावलं, आणि मी ते टोक सोडून थेट गाडी चालवायला बसलो.

झालं.

लॉन्सवर मी नवरदेवाकडून पेन ड्राइव्ह परत घेतला (पाकीट दिलं, हे नमूद करतो) आणि सुलूला शोधायला निघालो. ती पंगतीत जिलब्या वाढत होती.

"सुलू, जरा ऐक…"

तिनं माझ्या हातातला पेन ड्राइव्ह बघितला. पुढचं तिला निम्मंच सांगावं लागलं.

"म्हणजे पाणी चालू आहे का बंद?"

"बंद."

"सगळं?"

"सगळं. फाइल नसली की…"

"फाइल नसली की सगळं बंद, हे कोणी लिहिलं, दादा?"

"मी."

"का?"

"सेफ असतं…"

तिनं ताट खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "चल."

तुम्ही विचाराल, कोणाला फोन का नाही केला? शेजारचे अण्णा आमच्यासमोरच पंगतीत दुसऱ्यांदा मठ्ठा मागत होते. कामाच्या बायका सुट्टीवर. दोन्ही किल्ल्या सुलूच्या कमरेला. यंत्राला इंटरनेट नाही. मी काटकसर केली होती.

गाडीत चौघं. मी चालवतोय, शेजारी नीलिमा, मागे सुलू आणि दिलीपराव. दिलीपरावांचा फेटा टपाला टेकत होता म्हणून ते वाकून बसलेले, पण काढायचं भान कोणाला. पिंपळगावच्या अलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक. रस्ता तापून समोर पाणी असल्यासारखा चमकत होता.

"आभाळ आलं असेल तिकडे," दिलीपराव म्हणाले.

"बाहेर बघा," सुलू म्हणाली. बाहेर ढगाचा ठिपका नव्हता.

"मी काही बोलत नाही," नीलिमा म्हणाली.

सुलूचं मात्र सुरू झालं होतं. रडणं नव्हे, आखणी. "गेट उघडलं की हे पंप चालू करतील. वहिनी, तुम्ही विहिरीकडची लाइन बघा. ज्यांनी माना टाकल्यात त्यांना एकदम पाणी नाही, नुसता शिडकावा, मग थांबायचं, मग परत. मागची मी घेते, तिकडून वारा येतो, ती आधी जाते. दादा, तू कशालाही हात लावू नको."

"बरं."

"नाही, तू झाऱ्या भर."

"भरतो."

"एक ट्रे उभा राहिला तरी तो वाचवायचा. मी सोडणार नाहीये."

मी आरशात तिच्याकडे बघितलं. शाळेत असताना सायकल शिकताना गुडघे फुटले तरी ही परत चढायची, तेच तोंड. मी मनाशी ठरवलं, मेलेल्या रोपांचे ट्रे मी स्वतः उचलीन, बापूंकडे मी स्वतः जाईन, आणि पुन्हा बी टाकायला सुट्टी काढून इथे राहीन. ठरवायला तेवढंच हातात होतं.

पोचलो. दुपार कलायला लागली होती, पण ऊन तसंच. शेजारच्या कांद्याच्या रिकाम्या वावरात ढेकळं भाजून निघालेली. सुलू गाडी थांबायच्या आधीच उतरली. कुलूप काढलं, गेट ढकललं — आणि थांबली.

मी मागून जाऊन तिच्यावर आदळलो.

शेडमधून गार हवा येत होती. ओल्या भुशाचा वास. आणि आवाज… फवारा चालू असला की येतो तो, बारीक, एकसारखा फसफस आवाज.

मागची लाइन चालू होती.

आम्ही चौघंही गेटातच उभे. आमच्या देखत मागची लाइन बंद झाली. थोडं थांबून विहिरीकडची सुरू झाली. मग ती थांबली, आणि गेटाजवळची सुरू झाली, आमच्या अंगावर तुषार उडाले. दिलीपरावांच्या फेट्यावर थेंब चमकायला लागले. मधल्या लाइनला काहीच नाही. तिच्याखालची जमीन कोरडी, बाकी सगळीकडे ओल.

एक रोप आडवं नव्हतं. म्हणजे मरीनं गेलेली सकाळची होती तेवढीच, त्यात भर नव्हती.

सुलू पुढे गेली. एका ट्रेवर तिनं हाताची पालथी बाजू टेकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुझं यंत्र कुठल्या लाइनपासून सुरू करतं?"

"गेटाजवळच्या."

"कायम?"

"कायम. गेट, विहीर, मधली, मागची. क्रम बदलायची सोयच ठेवलेली नाही."

"आणि मधलीला पाणी नको, हे तू लिहून ठेवलं होतंस?"

"लिहायचं होतं. त्यासाठीच तर पेन ड्राइव्ह काढला…"

माझं वाक्य तिथेच राहिलं. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी पेन ड्राइव्ह काढलाच नसता, तो जागच्या जागी असता, तरी मधली लाइन बंद राहिली नसती. कुठल्याच फाइलमध्ये ते नव्हतं. ते फक्त सुलूला माहीत होतं, आणि मला.

मी पंपाच्या खोलीकडे धावलो. दिलीपरावांनी सुलूकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं. यंत्र चालू, पेन ड्राइव्हची खाच रिकामी. बारक्या पडद्यावर सुलूला समजावं म्हणून मी मराठीत संदेश दाखवतो. कुठला पर्याय वाचला तेवढं दिसतं. साठवून काही ठेवत नाही, कार्ड झिजू नये म्हणून. पडद्यावर तीन ओळी होत्या:

पर्याय १ — फाइल मिळाली नाही.
पर्याय २ — फाइल मिळाली नाही.
पर्याय ४ — वाचून झाले.

मी चष्मा पुसला. परत वाचलं. दिलीपरावांनीही वाचलं, आणि त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

आता इथे मी जे केलं ते आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. काही विचित्र दिसलं, की आमचा हात आपोआप एकाच गोष्टीकडे जातो. नीलिमा दारातून म्हणत होती, "अहो, थांबा, आधी फोटो काढू द्या…" आणि तोवर मी यंत्र बंद करून चालू केलं होतं.

पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. पर्याय १, मिळाली नाही. पर्याय २, मिळाली नाही. पर्याय ३ — सर्व बंद.

बाहेरची फसफस थांबली.

नीलिमा मोबाइल हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न बोललेलंही ऐकू येतं.

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागलो. मी सोडणारा माणूस नाही. सुलूचा सख्खा भाऊ आहे. प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. गंमत म्हणून कुठे "चार" लिहून विसरलो असेन म्हणून शोधला. नाही. पर्यायांच्या यादीत तीनच नोंदी. चार आकडा छापायचा तर यादीत चौथं काहीतरी असावं लागतं, आणि समजा चुकून छापला गेला, तरी नुसत्या आकड्यानं व्हॉल्व्ह उघडत नाहीत. कुठला उघडायचा, किती वेळ, हे कुठून तरी यावं लागतं.

पुढच्या रविवारी सुलूकडे जाऊन बसलो. तिला हाताशी झारी घेऊन बसवलं, पेन ड्राइव्ह काढला, आणि वाट बघितली. पर्याय तीन. वीज घालवून आणली. पर्याय तीन. कॉम्प्युटर उन्हात तापवला, फडक्यात गुंडाळला, एकदा रागानं चापटही मारली. पर्याय तीन. व्हॉल्व्ह तपासायला आमच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणला. तो म्हणाला, वीज नसेल तर हे उघडतच नाहीत, आणि बिघडले तरी असे पाळीपाळीनं बिघडत नाहीत. कोणी आत शिरून हातानं पाणी दिलं म्हणावं, तर पंपाच्या खोलीचं कुलूप आमच्यासमोर उघडलं, आणि फवारे आमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक चालू झाले तेव्हा आत कोणी नव्हतं. गेटावर सुलूचा कुत्रा मोती होता. टाकीच्या सावलीत पाय पसरून झोपला होता. परका माणूस आला तर तो आडगावपर्यंत ऐकू जाईल एवढा भुंकतो.

ऑफिसात एका हुशार सहकाऱ्याला प्रोग्रॅम दाखवला, बाकी काही न सांगता. विचारलं, "यातून चार येऊ शकतो का?" त्यानं बराच वेळ वाचलं. म्हणाला, "नाही सर. पण शेवटी 'सगळं बंद' का लिहिलंत? हे कशाचं आहे?"

"रोपांच्या पाण्याचं."

"बाप रे," तो म्हणाला.

सुलूनं मात्र एकदाही शोध घेतला नाही. त्या संध्याकाळी तिनं मधल्या लाइनचे ट्रे तपासले, मेलेली रोपं उपटली, साडीचा पदर खोचून गेटाजवळची लाइन स्वतः पाहिली. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मागची आधी घ्यायची, तिकडून वारा येतो, हे मला लग्न होऊन आल्यावर कोणी शिकवलं, तुला माहीत आहे. मला काही वाटून घ्यायचं नाही. रोपं उभी आहेत ना? मग मला उद्याचं बघायचंय."

लॉट उभा राहिला. मर मधल्या लाइनीतच थांबली. देवळ्याचे बापू आले, ट्रेमधून एक रोप उपटून त्याची मुळं निरखली, परत खोचलं, दुसऱ्या ट्रेमधलं बघितलं. सुलू समोर उभी. मी मुद्दाम त्या दिवशी गेलो होतो. बापूंनी हात झटकले आणि आपल्या अहिराणी वळणानं म्हणाले, "हात तोच शे, ताई. भरा गाडी." सुलू ट्रे उचलायला वळली, आणि तेव्हा कुठे, गाडीकडे तोंड करून, डोळ्यांना पदर लावला.

मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडेल असंही आता वाटत नाही. उंदीर लिहायचं असेल तर लिहा. मीही लिहिलं असतं.

प्रोग्रॅम मी दुरुस्त केला, ते मात्र सांगतो. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. नक्कल आता पेन ड्राइव्हवर नाही, वेगळ्या कार्डावर. पर्याय तीन म्हणजे "सर्व बंद" नाही, सगळ्या लाइनींना थोडं थोडं पाणी, आणि मागची आधी. शिवाय एक नवीन पर्याय — काहीच जमलं नाही तर भोंगा वाजवायचा आणि सुलूच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा; त्यासाठी काटकसर सोडून यंत्राला इंटरनेटही घेतलं. नीलिमा पोळ्यांचा डबा ठेवायला आली आणि खांद्यावरून डोकावली. तिला प्रोग्रॅम कळत नाही, पण आकडे कळतात.

"तीनाच्या खाली पाच?"

"हं."

"चार कुठे गेला?"

"ती जागा मोकळी ठेवलीय."

"तुमचा तर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग मोकळी कशाला?"

मी म्हणालो, "असू दे."

तिनं लॅपटॉप बाजूला सरकवून माझं ताट मांडलं आणि म्हणाली, "असू दे. आणि यापुढे आहेराचं पाकीट माझ्याकडे द्यायचं."